संशयित इसम, मरून स्वेटर

उत्तरा खांबेटेला आयुष्यात एका शब्दाने जितका वैताग दिला तितका सासरच्या कुठल्याही माणसाने दिला नाही. तो शब्द म्हणजे ‘सेफ’.

लग्न होऊन ती जपानात, इचिकावात आली त्याला अकरा वर्षं झाली. नवरा विश्वजित रोज सकाळी गाडी पकडून तोयोसुच्या ऑफिसात जातो, ती घरी बसून कंपन्यांच्या कागदपत्रांची भाषांतरं करते, मुलगी नेत्रा इथल्याच शाळेत तिसरीत आहे आणि मराठीत विचारलेल्या प्रश्नाला जपानीत उत्तर देते. चारचौघांसारखं घर. पण पुण्याहून फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं. नणंद, शमा, तर हॅलोच्या आधी सुरू व्हायची. ‘तुमचं काय बाई! पाकीट रस्त्यात पडलं तरी घरपोच येतं.’ उत्तराने एकदा सांगून पाहिलं की अहो वन्सं, माझं पाकीट खरंच पडलं होतं, आणि ते घरपोच बिरपोच आलं नाही. चौकीत जाऊन आणावं लागलं, त्यात अर्धा दिवस गेला, आणि तिथल्या कोवळ्या पोलिसाने दुकानांच्या कार्डांपासून अंबाबाईच्या फोटोपर्यंत एकेक वस्तू नाव विचारून लिहून घेतली. शमाला ते ऐकायचंच नव्हतं. आणि हीच शमा! कुठल्या तरी ट्रेनमध्ये कुणी तरी चाकू काढल्याची क्लिप व्हॉट्सअ‍ॅपवर फिरली की हिचा रडवेला फोन. ‘नेत्राला घे आणि आधी परत या बघू. काही नको तो जपान.’ म्हणजे एक तर स्वर्ग, नाही तर स्मशान. मधलं काही असतं हे या लोकांना मान्यच नाही.

बरं, इथली माणसं तरी धड असावीत? शेजारच्या मोरिता-सान घ्या. साठीच्या बाई, स्वभावाने लाख माणूस, दारातली कुंडी हलली तरी माफी मागतील. पण भेटल्या की एकच पालुपद, ‘हल्ली फार बुस्सो झालंय.’ बुस्सो म्हणजे काळ मोठा वाईट आलाय, बाहेर पडायची सोय उरली नाही, असं काहीसं. आता ज्या गल्लीत लोक सायकलच्या टोपलीत भाजी ठेवून खुशाल दुकानात जातात, त्या गल्लीत उभं राहून या बाई बुस्सो म्हणणार. गल्लीत मागे एक मोठा गुन्हा झाला होता म्हणे. कुणाच्या तरी सायकलच्या सीटचं कव्हर गेलं. महिनाभर चर्चा चालली. मग पानगळ झाली तेव्हा ते कव्हर समोरच्या पर्सिमनच्या झाडावर लटकलेलं दिसलं, वाऱ्याने उडालेलं. तरी मोरिता-सान म्हणाल्याच की यावेळी वारा होता, पुढच्या वेळी कोण असेल सांगता येत नाही.

या दोन टोकांच्या मध्ये उत्तरा. इकडून स्वर्ग ऐकायचा, तिकडून नरक ऐकायचा, आणि दोघांनाही हो हो म्हणायचं.

त्यात एप्रिलमध्ये शाळेच्या पालक संघाची निवड आली. आपल्याकडे शाळेच्या कमिटीत जायला लोक एकमेकांचे पाय ओढतात. इथे उलटं. सगळ्या आया मान खाली घालून आपापल्या चपलांकडे बघत बसतात, कुणीच हात वर करत नाही, आणि शेवटी दगड-कागद-कात्री खेळून जी हरेल तिच्या गळ्यात काम घालतात. शिकल्यासवरल्या बायका, पण कामाची वाटणी अशी! उत्तराने दगड काढला. बाकीच्या सगळ्यांनी कागद काढला होता. त्या दिवसापासून ती वर्षभरासाठी सुरक्षा समितीची सभासद झाली. समितीच्या प्रमुख कोण, तर मोरिता-सान. त्यांची नातवंडंसुद्धा शाळेतून बाहेर पडली होती, पण शाळेला त्यांच्याशिवाय करमत नव्हतं.

काम तसं साधं. पाळी असेल तेव्हा पिवळा झेंडा घेऊन चौकात उभं राहायचं आणि पोरांना रस्ता पार करून द्यायचा. सायकलच्या टोपलीला ‘गस्त चालू आहे’ अशी पाटी लावून गल्ल्यांतून फिरायचं. आणि शाळेकडून संशयित इसमाची सूचना आली की ती वर्गातल्या पालकांच्या ग्रुपवर पाठवायची. ही सूचना म्हणजे उत्तराच्या डोक्याला खरा ताप. पहिली आली तेव्हा ती टरकलीच. उघडून बघते तर काय, ‘सायंकाळी चारच्या सुमारास एका पुरुषाने बागेतील मुलांना, अंधार पडतोय, घरी जा, असे सांगितले.’ बस, एवढंच. त्या बिचाऱ्याचं वय, उंची, पँटचा रंग, सगळं दिलेलं. उत्तरा हसून हसून लोळायची बाकी राहिली. पण हसणार कुणासमोर? तिने ती सूचना पाठवली, आणि तीसेक आयांची वाकून नमस्कार करणारी चित्रं एकापाठोपाठ एक येऊन पडली.

आणि खरं सांगायचं तर सहा महिन्यांत तिचं हसणं संपलं. रोज उठून कुणी तुमच्या कानात भीती ओतली तर ती भिनतेच. बागेच्या बाकावर एकटा पुरुष डबा खाताना दिसला की उत्तराची सायकल आपोआप हळू व्हायला लागली. आपण त्याच्या पँटचा रंग बघतोय हे लक्षात आलं की तिला स्वतःचाच राग यायचा.

अशात ऑक्टोबरमध्ये अप्पा आले.

अप्पा म्हणजे उत्तराचे सासरे, दिगंबर खांबेटे. कराडच्या शाळेत तीस-एक वर्षं पी.टी.चे मास्तर होते. सासूबाई गेल्यापासून एकटेच असायचे, या वर्षी विश्वजितने त्यांना हट्टाने तीन महिन्यांसाठी बोलावून घेतलं. माणूस सरळ, पण मास्तरकी हाडात मुरलेली. प्रार्थनेच्या रांगेत उभं राहून पोरांची नखं, कॉलर आणि बुटांच्या नाड्या तपासण्यात हयात गेलेली. रस्त्याने जाताना अनोळखी पोराच्या शर्टाचं बटण उघडं दिसलं तर ते लावल्याशिवाय यांचा पाय पुढे पडायचा नाही. कराडात त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. उलट पोरांचे आईबाप ‘सर, द्या दोन ठेवून’ म्हणायचे.

उत्तराने त्यांना आल्या दिवशी बसवून सगळं समजावलं. कचरा कुठल्या दिवशी कुठला, ट्रेनमध्ये फोनवर बोलायचं नाही, खोकला आला तर मास्क, घरात शिरताना चपला कुठे. अप्पांनी प्रत्येक गोष्टीवर वाद घातला आणि मग प्रत्येक गोष्ट ऐकली. पोरांशी बोलू नका, हे मात्र तिने सांगितलं नाही. सांगायचं असतं हे डोक्यातच आलं नाही हो! अंगात सुरक्षा समितीचं जाकीट घालून फिरणाऱ्या बाईला ते सुचू नये याचा पुढे तिला इतका संताप आला की बोलायची सोय नाही. पण स्वतःच्या सासऱ्याला कोण संशयित इसम म्हणून बघतं?

अप्पा सकाळी फिरायला जायचे. त्या भागात गल्लीच्या ऐन मध्यात जुनी काळी पाइनची झाडं उभी आहेत, गाड्या त्यांना वळसा घालून जातात. अप्पांना ते फार आवडलं. परत आले की कौतुक. ‘पोरं गोड आहेत गं इथली. रांगेत जातात, स्वतःहून वाकून नमस्कार करतात. शिस्त आहे.’ विश्वजित म्हणायचा, बघ, अप्पा रमले.

आणि मग त्या मंगळवारी दुपारी, उत्तरा एका पंपाच्या माहितीपत्रकाचं भाषांतर करत असताना, फोन वाजला. शाळेची सूचना. ‘आज सकाळी पावणेआठच्या सुमारास शाळेत जाणाऱ्या मुलीजवळ एक पुरुष खाली बसला, तिच्या पायाला हात लावला व इंग्रजीत तिचे नाव विचारले. मुलीला इजा नाही. इसमाचे वय सत्तरच्या आसपास, अंगात मरून स्वेटर, डोक्यावर कान व गळा झाकणारी टोपी. परदेशी असण्याची शक्यता.’

उत्तराने वाचलं. मग मान वर केली. समोर टेबलाशी अप्पा थालीपीठ खात बसले होते, मरून स्वेटर घालून. माकडटोपी खुर्चीच्या पाठीला अडकवलेली.

‘अप्पा,’ ती शक्य तितक्या शांतपणे म्हणाली, ‘आज सकाळी कुणाच्या पायाला हात लावलात?’

‘पायाला? पायाला कशाला लावू? बुटाला लावला. नाडी सुटली होती पोरीची. पायात येऊन तोंडावर आपटली असती.’

‘आणि नाव विचारलंत?’

‘मग? पोरांना नाव नाही विचारायचं तर काय रेशनकार्ड विचारायचं?’

उत्तराने कपाळावर हात मारून घेतला. मग बसून सगळं सांगितलं. इथे अनोळखी माणसाने नाव विचारलं की पळायचं, मोठ्याने ओरडायचं, शाळेत सांगायचं, असं पोरांना पहिलीपासून पढवतात. दप्तराला भोंगा लावलेला असतो तो त्यासाठीच. ती मुलगी चुकली नाही, शाळाही चुकली नाही, पण झालं हे असं झालं. आता पोलीस सकाळी त्या गल्लीत उभे राहतील, आणि तुम्ही दिसलात तर तुम्हाला नेतील. तुम्हाला भाषा येत नाही. पासपोर्ट घरी असतो. मी काय करायचं?

तिला वाटलं, अप्पा आता वाद घालणार. दुधाच्या पिशवीवरून वाद घालणारा माणूस! पण ते थालीपीठाचा तुकडा हातात धरून नुसते बसून राहिले. मग म्हणाले, ‘मी नाही जात उद्यापासून. गुडघाही दुखतोय जरा.’ आणि ताट उचलून धुवायला घेऊन गेले. उत्तराला ते तेव्हाच खटकायला हवं होतं.

तिने विश्वजितला फोन लावला. तो कुजबुजत बोलत होता, म्हणजे मीटिंगमध्ये. ‘अगं, इट्स नथिंग. नेहमीसारखी फॉरवर्ड कर आणि गप्प बस. दोन दिवसांत विसरतात लोक. सांगत बसलीस तर नेत्राला शाळेत उगाच त्रास. ओके? ठेवतो, तानाका-सान बघतायत.’

तानाका-सान बघतायत! याच्या बापाच्या नावाने, म्हणजे नावानेही नव्हे, स्वेटरच्या रंगाने, गावभर दवंडी पिटायचीय आणि याला तानाका-सान दिसतायत. उत्तराला रडू यावं की ओरडावं ते कळेना. सांगावं तर नेत्रा वर्गात ‘त्या माणसाची नात’ होणार, न सांगावं तर अप्पा तीन महिने घरात कोंडलेले, आणि चुकून बाहेर पडले तर पोलीस. तासभर ती फोन हातात घेऊन बसली. शेवटी तिने सूचना पाठवली. सुनेने सासऱ्याचं वर्णन स्वतःच्या बोटाने तीस घरांत पोचवलं. वाकून नमस्कार करणारी चित्रं आली. तिला त्या प्रत्येक चित्राची शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी गस्त. तिची आणि मोरिता-सानची पाळी. दोघी सायकलींना पाट्या लावून निघाल्या, आणि शोधायचं कुणाला, तर मरून स्वेटरवाल्या म्हाताऱ्याला, जो उत्तराच्या घरी पडदे ओढून वरणाला फोडणी देत होता. मोरिता-सान प्रत्येक कोपऱ्यावर थांबून मान उंच करून बघायच्या. उत्तराही बघायची. काय बघत होती देव जाणे.

‘परदेशी असेल असं लिहिलंय,’ मोरिता-सान म्हणाल्या. ‘हल्ली वाढलेत ना फार. म्हणूनच बुस्सो झालंय.’ मग घाईने, ‘म्हणजे तुम्ही नाही हं, उत्तरा-सान. तुम्ही आमच्यातल्याच.’

झालं. अकरा वर्षांचं सगळं त्या एका ‘तुम्ही नाही हं’ने वर आलं. पण जपानीत चिडायचं म्हटलं तरी आधी माफी मागावी लागते, ही आणखी एक आफत. उत्तराने सायकल थांबवली, उतरली, आणि म्हणाली, ‘माफ करा. फार माफ करा. पण तो माणूस माझे सासरे आहेत. शिक्षक होते. मुलीच्या बुटाची नाडी सुटली होती ती त्यांनी बांधली. आमच्याकडे कुणीही बांधतं. त्यात बुस्सो काही नाही. काल ती सूचना मीच पाठवली, ओळखून पाठवली, आणि त्याची मला लाज वाटते.’

मोरिता-सान एक पाय जमिनीवर टेकून तशाच राहिल्या. मग सायकल स्टँडवर लावली आणि भर रस्त्यात कमरेत वाकल्या. ‘असं होय. मग जिवात जीव आला. मी शाळेला सांगते, पोलिसांनाही सांगते. आजोबांना त्रास झाला.’ बाई खरंच मनापासून बोलत होत्या, हाच तर वैताग. धड भांडताही येत नाही अशा माणसांशी.

उत्तराला हायसं वाटलं. दोघी परत सायकलवर बसणार, तेवढ्यात मोरिता-सान थांबल्या. ‘पण मग... वर्गाच्या बाईंनी, ओकुबो-सेन्सेईंनी, त्या मुलीबरोबर शाळेत चालत जाणाऱ्या गटातल्या सगळ्या मुलांना विचारलं होतं, या माणसाला कुणी ओळखतं का म्हणून. सगळी नाही म्हणाली. म्हणून तर सूचना निघाली.’ त्यांनी जरा आठवल्यासारखं केलं. ‘नेत्रा-चान त्या मुलीच्या, हिनाच्याच गटात चालते ना?’

हिना म्हणजे नेत्राची जिवलग मैत्रीण. रोज सकाळी त्या दोघी हातात हात घालून जातात.

घरी आल्यावर तिने नेत्राला बेडरूममध्ये नेलं आणि दार लावलं. ‘तुला माहीत होतं ते आजोबा होते म्हणून?’

नेत्राने मान खाली घातली. बराच वेळ ती गादीच्या शिवणीवर बोट फिरवत राहिली. मग जपानीत, अगदी बारीक आवाजात, म्हणाली, ‘हिनाला भीती वाटली. ती म्हणाली, हे कोण आजोबा, भीती वाटते मला. मग सगळेच म्हणाले भीती वाटते. मग मी पण म्हटलं.’

‘आणि सेन्सेईंनी विचारलं तेव्हा?’

‘तेव्हा मी आधीच म्हटलेलं होतं ना!’ नेत्रा एकदम रडकुंडीला आली. ‘मग कसं बदलणार?’

उत्तराचा हात उठला होता. ती स्वतःच दचकली आणि तो हात केसांतून फिरवून खाली आणला. काय बोलायचं या पोरीला? इतके महिने हिला शिकवलं कुणी? अनोळखी माणूस, भीती, नाव सांगू नकोस, पळ. आपणच जाकीट घालून चौकात उभं राहून शिकवलं. ती चोख शिकली. इतकी चोख, की हिना घाबरली त्या क्षणाला तिचे आजोबा आजोबा राहिलेच नाहीत.

‘चल. आजोबांची माफी माग.’

पण बाहेर अप्पा दाराशीच उभे होते, हातात कोथिंबीर. त्यांनी ऐकलं असणार. जपानी त्यांना कळत नव्हतं, पण उत्तराचा मराठी आवाज भिंतीपलीकडे जाईल इतका चढला होता.

‘तिला काही बोलायचं नाही,’ अप्पा म्हणाले. मास्तरच्या आवाजात नव्हे, साध्याच. ‘मी हाक मारली होती तिला. नेत्रा, म्हणून. तिला ऐकू नाही आली एवढंच. गाड्यांचा आवाज होता.’

त्या गल्लीत सकाळी गाड्या नसतात. शाळेच्या वेळेत तिथे गाड्यांना बंदी आहे, बंदीची पाटी उत्तरा स्वतः आपल्या पाळीला लावते. ती अप्पांकडे बघत राहिली. म्हणजे या माणसाला मंगळवारी सकाळपासून माहीत होतं. थालीपीठ खाताना माहीत होतं. गुडघा दुखतोय म्हणाले तेव्हा माहीत होतं. पोरीने तोंड फिरवलं ते गिळून हा माणूस घरी येऊन बसला होता आणि वर आपण त्यालाच पोलिसांची भीती घालत होतो. उत्तराला इतका राग आला, इतका राग आला, आणि तो नेमका कुणाचा ते तिला ठरवता येईना. अप्पांच्या हातातली कोथिंबीर घेऊन ती निवडत बसली.

शाळेने सगळं नीट केलं. इथे सगळं नीटच करतात. ओकुबो-सेन्सेई म्हणाल्या, नेत्राला वर्गासमोर काही विचारणार नाही, मुलांना काही सांगणारही नाही, तिला अवघडल्यासारखं होईल. दुसरी सूचना आली, ‘व्यक्तीची ओळख पटली असून काळजीचे कारण नाही.’ कोण व्यक्ती, काय ओळख, काही नाही. उत्तराने तीही पाठवली. परत नमस्कार.

मोरिता-सान भाताच्या कुरकुरीत पापड्यांचा डबा घेऊन घरी आल्या. सोबत प्लास्टिकमध्ये बंद केलेलं, गळ्यात घालायची दोरी लावलेलं एक कार्ड. त्यांनी घरी बसून स्वतः बनवलं होतं, कोपऱ्यात फूल काढलेलं. ‘आजोबांनी हे घालून फिरावं. म्हणजे कुणाला प्रश्न पडणार नाही.’ उत्तराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माणसाच्या गळ्यात पट्टा! पण समोर ती बाई दोन्ही हातांनी कार्ड धरून इतक्या आशेने उभी होती की उत्तराने मुकाट्याने घेतलं आणि आभार मानले. मानावेच लागतात.

अप्पांनी कार्ड उलटसुलट करून बघितलं. ‘काय लिहिलंय?’

‘मी खांबेटे नेत्राचा आजोबा आहे. आणि खाली माझा नंबर.’

अप्पांनी दोरी बोटांना गुंडाळली, कार्ड कपाटाच्या खणात ठेवलं. ‘राहू दे. तिचं नाव आहे यावर. मैत्रिणी वाचतील.’

त्यानंतर ते बाहेर पडेनात. टीव्हीवर न कळणाऱ्या बातम्या बघत बसायचे. नेत्रा शाळेतून आली की तिच्याशी पत्ते खेळायचे, तिला हरू द्यायचे नाहीत. ती पण खेळायची, पण त्यांच्या डोळ्यांत बघायची नाही. विश्वजित म्हणाला, बघ, विसरले सगळे, मी म्हटलं नव्हतं? उत्तराने त्याला जे उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. शमाचा फोन आला. ‘अप्पा मजेत ना? तिकडे काय बाई, म्हाताऱ्या माणसाला एकटं फिरायला सुद्धा किती सेफ!’ उत्तराने रेंज नाही म्हणून फोन ठेवून दिला.

शेवटी एका बुधवारी तिनेच भांडून त्यांना बाहेर काढलं. तुरुंगात आलाय का तुम्ही? हवा बघा कशी पडलीय. जा त्या झाडांपाशी. अप्पा म्हणाले, दुपारी जातो, पोरं शाळेत असताना. आणि गेले. त्या दिवशी शिक्षकांची बैठक होती, शाळा दुपारी लवकर सुटणार होती, हे उत्तराला माहीत होतं, कारण तिचीच चौकात पाळी होती. अप्पांना सांगायचं तेवढं राहिलं.

ती झेंडा घेऊन उभी होती. पोरांचा एक घोळका येऊन थांबला, तिने झेंडा आडवा धरून गाड्या थांबवल्या. पोरं पार झाली, आणि तेवढ्यात खिशातला फोन वाजला. पाळीवर फोन घ्यायचा नसतो. अप्पांचं नाव बघून तिने घेतला.

‘उत्तरा, कामात आहेस का?’

‘बोला अप्पा, पटकन.’

‘काही नाही. मी त्या मोठ्या झाडापाशी आहे. शाळा सुटली वाटतं लवकर.’ ते थांबले. ‘नेत्रा पडलीय गं. झाडाच्या मुळात पाय अडकला. गुडघा फुटलाय, रक्त येतंय. मैत्रिणी आहेत सोबत, पण त्या नुसत्या बघतायत.’

‘मग?’

‘मग तेच विचारतोय तुला. जाऊ का मी जवळ? चालेल का?’

उत्तराला वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. पण आलं होतं. तीस वर्षं पडलेल्या पोरांना उचलण्यात घालवलेला माणूस, समोर स्वतःच्या नातीचा गुडघा फुटलाय आणि हा झाडाआड उभा राहून परवानगी मागतोय.

‘अहो, विचारताय काय!’ ती भर चौकात मराठीत किंचाळली. ‘नात आहे तुमची! उचला ना तिला!’

‘तसं नव्हे गं. तिच्या मैत्रिणी आहेत म्हणून. तिला अडचण नको.’

‘अप्पा!’

‘बरं बरं. जातो.’

फोन बंद झाला नाही. तो तसाच त्यांच्या हातात राहिला असणार. पावलांचा आवाज आला, मुलींचं कुजबुजणं आलं, कुणीतरी ‘तेच आजोबा’ असं म्हणालं. आणि मग अप्पांचा आवाज आला. उत्तराने तो आवाज कधी ऐकला नव्हता. पाठ केलेलं सांभाळून म्हणावं तसा, हळू, परका.

‘दाइजोबु देसु का?’

ठीक आहात ना, असं. इथे दुकानात, स्टेशनवर, रस्त्यात कुणाला ठेच लागली की अनोळखी माणूस अनोळखी माणसाला जे विचारतो ते. दोन आठवड्यांत कुणीही शिकतो. ज्या पोरीला हे घरात ठमाकाकू म्हणून हाका मारत होते, तिला त्यांनी परक्याला अहो-जाहो करून विचारावं तसं विचारलं. तिने आपल्याला ओळखत नाही म्हटलं होतं ना, ते खोटं पडू नये म्हणून.

काही क्षण फोनमध्ये काहीच ऐकू आलं नाही. म्हण काहीतरी, उत्तरा मनात म्हणत होती, म्हण ना गं बाई.

आणि मग नेत्राने भोकाड पसरलं, तिच्या मैत्रिणींनी कधी ऐकलं नसेल असं, घसा फाडून, शुद्ध मराठीत. ‘आजोबाऽऽ! असं काय बोलता माझ्याशी? दुखतंय ना मला! उचला ना!’

‘आलो गं, आलो,’ अप्पा म्हणाले, त्यांच्या नेहमीच्या आवाजात, आणि मग फोन बहुतेक खिशात गेला, कारण पुढे नुसती खरखर आणि रडणं आणि ‘बघू, बघू, रडायचं नाही, बघू’ एवढंच ऐकू येत राहिलं.

उत्तरा डोळे पुसत होती. बऱ्याच वेळाने तिच्या लक्षात आलं की आपण झेंडा अजून आडवाच धरलाय. रस्त्यावर एकही पोर नव्हतं. दोन्ही बाजूंना गाड्यांच्या रांगा लागल्या होत्या, आणि कुणीही हॉर्न वाजवत नव्हतं.